कर्नल सिबथॉर्प यांचा नन्नाचा पाढा

लिंकन शहराचे खासदार कर्नल चार्ल्स डी लेट वाल्डो सिबथॉर्प यांना आगगाडी पसंत नव्हती. कॅथलिक पसंत नव्हते, ज्यू पसंत नव्हते. फ्रेंच, जर्मन आणि एकूणच समुद्रापलीकडे जन्मलेलं कुणीही पसंत नव्हतं. मतदारसंघांची सुधारणा, खुला व्यापार, सार्वजनिक वाचनालयं, काचेची इमारत आणि राणीचा नवरा ही मंडळीही त्याच यादीत. यादीत नवी नावं चढायची, जुनं एकही उतरायचं नाही. १८२६ साली साहेब हाउस ऑफ कॉमन्समध्ये शिरले आणि मधली दोन वर्षं सोडली तर १८५५ साली मरेपर्यंत तिथंच होते. तेवढ्या काळात सगळं इंग्लंड घोड्यावरून उतरून आगगाडीत जाऊन बसलं. कर्नलसाहेब उतरले नाहीत.

दिसायलाही गृहस्थ चारचौघांतले नव्हते. बाकीचे सभासद गुळगुळीत दाढी करून येत, तर यांच्या ओठांवर आणि गालांवर काळं रान माजलेलं. अंगात बाटलीच्या काचेसारखा हिरवा लांब कोट, पांढरी विजार, पायात उंच बूट आणि हाताशी एक भलंमोठं भिंग. त्या भिंगातून ते समोरच्या बाकांवरच्या सुधारकांना न्याहाळत. गॅलरीत बसून पार्लमेंटचा वृत्तान्त लिहिणारा एक तरुण वार्ताहर होता, चार्ल्स डिकन्स नावाचा. त्यानं आपल्या सुरुवातीच्या शब्दचित्रांत नाव न घेता एक उग्र मिशीवाले सभासद रंगवले आहेत. ते कोण, हे वाचकांना कुणी सांगावं लागलं नाही. १८४१ साली ‘पंच’ हे विनोदी साप्ताहिक निघालं, तेव्हा तर त्याच्या चित्रकारांना हा माणूस म्हणजे घरबसल्या चालून आलेला रोजगारच झाला. विषय सुचला नाही की मिशी काढायला घ्यायची, खाली कर्नलसाहेब आपोआप उमटायचे.

पण हा माणूस आकाशातून पडलेला नव्हता. कॅनविकचे सिबथॉर्प हे लिंकनचं बडं घराणं. शहराच्या दक्षिणेला टेकडीवर कॅनविक हॉल ही त्यांची हवेली. खाली विथम नदीचं खोरं, पलीकडच्या चढावर लिंकनचं प्रचंड कॅथीड्रल. सकाळी खिडकी उघडली की मतदारसंघ समोर मांडून ठेवलेला! लिंकनच्या दोन जागांपैकी एक या घराकडे वतनासारखी चालत आलेली. वडील हंफ्री १८०० ते १८०६ खासदार, थोरले बंधू कॉनिंग्सबी १८१४ ते १८२२. चार्ल्स हे धाकटे, म्हणजे रिवाजाप्रमाणे फौजेत जायचे. ते घोडदळात गेले, स्पेन-पोर्तुगालच्या मोहिमेत नेपोलियनच्या सैन्याशी लढले आणि परदेशी माणसाविषयीचं आपलं मत तिथंच पक्कं करून आले असावेत. १८२२ साली थोरले बंधू वारले. जमीन, हवेली आणि पाठोपाठ खासदारकी, तिन्ही चार्ल्सच्या पदरात पडल्या.

नावातला ‘वाल्डो’ही असाच इस्टेटीबरोबर आलेला. तिकडच्या जमीनदारांत दुसऱ्या घराण्याची जमीन वारशानं मिळाली की त्यांचं आडनावही डोक्यावर घ्यायची रीत होती. आपल्याकडे माणूस दत्तक गेला की आडनाव बदलतं. तिथे ते बदलत नाही, साठत जातं. इंग्लिश माणसाचं नाव लांब असेल तर त्याची शेतंही तेवढीच लांब असणार, असा ढोबळ हिशेब करायला हरकत नाही.

घराण्यात विद्वत्ताही होती, आणि तीही घरंदाज तऱ्हेची. आजोबा डॉ. हंफ्री सिबथॉर्प ऑक्सफर्डला वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. १७४७ ते १७८३ अशी छत्तीस वर्षं त्यांनी ती खुर्ची सांभाळली आणि तेवढ्या काळात एकच व्याख्यान दिलं. तेही फारसं जमलं नाही, असं ऑक्सफर्डमध्ये सांगतात. लिनीयसनं एका वनस्पतीला या प्राध्यापकांचं नाव दिलं ते मात्र नेमकं: ‘सिब्थॉर्पिया’ ही जमिनीला चिकटून असते, फारशी वर उठत नाही. आजोबांची शिल्लक राहिलेली सगळी व्याख्यानं पुढे नातवानं पार्लमेंटात देऊन टाकली.

काका जॉन सिबथॉर्प मात्र खरे अभ्यासक. बापाच्या खुर्चीवर ते बसले, पण बसून राहिले नाहीत. फर्डिनांड बाउअर नावाचा अव्वल चित्रकार बरोबर घेऊन ग्रीस-तुर्कस्तानात डोंगर तुडवत हिंडले, झाडपाला गोळा केला, आणि दुसऱ्या सफरीतून क्षय घेऊन परतले. १७९६ साली ते गेले. जाताना आपल्या जमिनीचं उत्पन्न ग्रंथ छापण्यासाठी ठेवून गेले. तो ‘फ्लोरा ग्रेका’. १८०६ ते १८४० एवढ्या काळात त्याचे दहा खंड निघाले, ९६६ रंगीत चित्रं, आणि घेणारे वर्गणीदार तीसच्या आसपास. परदेशातल्या गवतासाठी काकांनी जीव घालवला. परदेशातून काहीही आलं तरी पुतण्याचा जीव जायचा.

१८१२ साली साहेबांचं लग्न मरायाबाईंशी झालं. बाई टॉटनहॅम घराण्यातल्या, वडील आयर्लंडकडचे खासदार. चार मुलगे झाले. पण १८२८ साली नवऱ्याच्या बाहेरख्यालीपणाचं कारण दाखवून बाईंनी धर्मन्यायालयातून विभक्त होण्याचा हुकूम मिळवला. जन्मभर जगाला ‘नाही’ म्हणणाऱ्या या पुरुषाला जिथे नाही म्हणायला हवं होतं, तिथेच नेमकं ते जमलं नव्हतं.

आता त्यांच्या एकुलत्या एका ‘होय’ची हकीकत. १८३१ साली मताधिकार वाढवणारं मोठं सुधारणा विधेयक चर्चेला होतं. साहेबांचा अर्थातच कडाडून विरोध. पण मध्येच त्यांनी स्वतः एक दुरुस्ती सुचवली: वर्षाला ५० पौंड खंड भरणाऱ्या साध्या कुळांनाही जिल्ह्याच्या मतदारसंघात मत द्या. वरवर पाहिलं तर केवढं औदार्य! आत डोकावलं की पोट दिसतं. त्या काळी मतदान उघड असे. गुप्त मतदान आलं १८७२ साली. या कुळांचा जमिनीवर कसलाही पक्का हक्क नव्हता, मालकाच्या मनात आलं की चूल उचलायची. अशा माणसाला उघड मत दिलं की ते कुणाच्या पेटीत पडणार, हे सांगायला भविष्यवेत्ता लागत नाही. कुळाला एक मत, मालकाला शंभर कुळं, असा तो सरळ गुणाकार होता. सुधारणेच्या गाडीला जमीनदारांनी मागून बांधलेला हा नांगर.

दुरुस्ती मंजूर झाली. पण तीच कल्पना घेऊन मार्क्विस ऑफ चँडोस पुढे सरसावले. ते ड्यूकचे चिरंजीव, त्यांचं वजन मोठं. त्यांच्या नावानं ती पास झाली आणि इतिहासाच्या पुस्तकांत आजतागायत ‘चँडोस कलम’ म्हणूनच नांदते आहे. कर्नलसाहेबांनी सभागृहात तक्रार केली की हे अपत्य माझं. कुणी ऐकलं नाही. त्यांच्या हातून कायद्याच्या पुस्तकात एवढी एकच ओळ टिकाऊ गेली, आणि तिच्या खाली सही दुसऱ्याची. वर नव्या कायद्याखाली १८३२ साली पहिली निवडणूक झाली, तीत लिंकनकरांनी त्यांना घरी बसवलं आणि एडवर्ड बुलवर या कादंबरीकाराला निवडून दिलं. १८३५ साली साहेब परत आले, तेव्हा दुसऱ्या जागेवर बुलवर होतेच. पुढची सहा वर्षं लिंकनतर्फे पार्लमेंटात एक गृहस्थ पुस्तकं लिहिणारे आणि एक गृहस्थ पुस्तकं न वाचणारे अशी जोडी बसत होती.

न वाचणारे, हा आरोप नव्हे. ती त्यांचीच जबानी. १८५० साली विल्यम इवर्ट यांनी नगरपालिकांना सार्वजनिक वाचनालयं उभारता यावीत असं विधेयक आणलं. कर्नलसाहेब उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं की आपल्याला वाचन मुळीच आवडत नाही, ऑक्सफर्डला होतो तेव्हा तर त्याचा तिटकारा होता. बाकीचे विरोधक कराचा बोजा, गावगुंडांचा अड्डा असली कारणं शोधत होते. साहेबांनी कारण शोधण्यात वेळ दवडला नाही. ज्या घरानं ऑक्सफर्डला दोन प्राध्यापक दिले, त्या घरातून ही कबुली आली.

त्यांच्या विरोधांपैकी एक मात्र थेट राजवाड्यात जाऊन लागला. १८४० च्या जानेवारीत वीस वर्षांच्या व्हिक्टोरिया राणीचं लग्न तेवढ्याच वयाच्या जर्मन राजपुत्र अल्बर्टशी ठरलेलं. सरकारनं जावईबापूंना वर्षाला ५०,००० पौंडांची नेमणूक सुचवली. देशात हलाखी होती. काटकसरीसाठी प्रसिद्ध असलेल्या जोसेफ ह्यूम यांनी २१,००० वर आणायची सूचना मांडली, ती साफ आपटली. मग कर्नलसाहेबांनी ३०,००० चा आकडा टाकला. एरवी त्यांच्या भाषणाला हसणारे पील आणि त्यांचे हुजूर पक्षाचे लोक या वेळी हसले नाहीत, पाठीशी उभे राहिले. २६२ विरुद्ध १५८ मतांनी साहेबांची सूचना पास. लग्नाला दोन आठवडे उरले होते आणि नवरदेवाच्या पानातून लिंकनच्या खासदारानं वर्षाचे वीस हजार पौंड काढून घेतले. राणी संतापली. हा माणूस खासदार असेतो लिंकनमध्ये पाऊल टाकणार नाही असं ती म्हणाली, अशी कथा लिंकनमध्ये अजून सांगतात. साहेबांना त्याचं दुःख झालं असेल असं वाटत नाही. ती आली असती तर नवऱ्याला घेऊनच आली असती.

आगगाडीशी त्यांचं वैर मात्र सर्वांत खोल. पार्लमेंटात रेल्वेचं विधेयक आलं की ते विरोधात. तेव्हा रेल्वेचा ताप देशाला असा चढला होता की एकट्या १८४६ साली रेल्वेचे अडीचशेच्या वर कायदे झाले. आपल्या जमिनीत इंजिनियर दिसण्यापेक्षा दरोडेखोर भेटलेला परवडला, असं वाक्य साहेबांच्या नावावर आहे. गंमत अशी की जमीनदारांनी आधी रेल्वेला शिव्या द्यायच्या आणि मग भरपाईची रक्कम मनासारखी मिळाली की आशीर्वाद द्यायचे, हा त्या काळचा सर्रास धंदा होता. वावरातून रूळ जाणार म्हणून रडणारे कित्येक लॉर्ड पुढे रेल्वे कंपनीचे संचालक म्हणून मिरवले. साहेबांनी शिव्याच दिल्या. आशीर्वादापर्यंत ते पोचलेच नाहीत. लिंकनला १८४६ साली आगगाडी आली. तरी कॅनविक ते लंडन हा सुमारे १३० मैलांचा रस्ता त्यांनी घोडागाडीनंच तुडवला. त्याच पार्लमेंटानं १८४९ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा कायदा केला, आणि १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. म्हणजे मुंबईकर आगगाडीत बसून ठाण्याला जाऊन आले, तेव्हा लिंकनचे खासदार अजून घोडे बदलत होते.

मग १८५१ साल आलं आणि साहेबांचे सगळे वैरी एकाच छपराखाली गोळा झाले. अल्बर्टनं हाइड पार्कात जगभरच्या मालाचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. म्हणजे कल्पना जर्मन, माल परदेशी, तत्त्व खुल्या व्यापाराचं, आणि बघायला येणारी माणसं आगगाडीनं! कर्नलसाहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी आधी झाडांचा मुद्दा धरला. पार्कातली एल्मची झाडं तोडणार म्हणजे काय? हा त्यांच्या आयुष्यातला बहुधा सर्वांत लोकप्रिय मुद्दा ठरला, कारण लंडनकरांनाही झाडं हवीच होती. मग त्यांनी सभागृहात बजावलं की हे प्रदर्शन म्हणजे या देशातल्या जनतेच्या माथी मारलेला आजवरचा सर्वांत मोठा कचरा आणि सर्वांत मोठी फसवणूक आहे. परदेशी लोक येतील, चोऱ्या होतील. घरातले चांदीचे चमचे सांभाळा, मोलकरणींकडे लक्ष ठेवा. शेवटी माणसांवर भिस्त न ठेवता त्यांनी वरच्या कोर्टात दाद मागितली: आकाशातून गारा पडोत, वीज पडो, पण ही इमारत उभी न राहो.

इमारत उभी राहिली. ड्यूक ऑफ डेव्हनशरचे माळी जोसेफ पॅक्स्टन यांनी लोखंड आणि काच जुळवून ५६० मीटरहून लांब महाल उभा केला. एल्मवरून एवढा गदारोळ झाला होता की मोठी झाडं तोडायची सोय नव्हती. म्हणून मध्यावर सुमारे तेहतीस मीटर उंचीची कमानदार छत्री घातली आणि झाडं आतच राहू दिली. लोक आत शिरत आणि त्या कमानीखालच्या हिरव्या झाडांकडे आ वासून पाहत. महालाची सगळ्यात देखणी जागा, आणि तिच्यामागे ज्यांची ओरड होती त्यांतला सर्वांत मोठा आवाज महालाच्या सर्वांत कट्टर शत्रूचा! १ मेपासून १५ ऑक्टोबरपर्यंत साठ लाखांहून अधिक लोक येऊन गेले. थॉमस कुक यांनी दीड लाखावर माणसं खास आगगाड्यांनी आणली. खर्च वजा जाऊन १,८६,००० पौंड उरले, त्यांतून साउथ केन्सिंग्टनची संग्रहालयं उभी राहिली. चमच्यांची चोरी झाल्याचा मोठासा बोभाटा झाला नाही. पुढे तो महाल सोडवून सिडनम इथे नव्यानं बांधला, आणि १९३६ साली तो जळून खाक झाला. साहेबांचा अर्ज वरच्या कोर्टात पोचला होता, फक्त निकालाला पंच्याऐंशी वर्षं लागली.

बाहेरच्या जगाचा असा बंदोबस्त चाललेला असताना घरात काय होतं? घरात होते धाकटे बंधू रिचर्ड. चार्ल्स एकदा ठरवलेलं मत कधी बदलत नसत; बदलायचं सगळं काम जणू रिचर्डनी पत्करलं होतं. ऑक्सफर्डला शिकताना १८११ साली ते कॅथलिक व्हायला निघाले, घरच्यांनी त्यांना परत आणलं. मग ते इंग्लिश चर्चचे गाजलेले धर्मोपदेशक झाले. १८२९ साली कॅथलिकांना पार्लमेंटात बसू द्यायला कर्नलसाहेबांनी निकराचा विरोध केला, आणि १८४१ साली सख्खा भाऊ कॅथलिक झाला. पुढच्या वर्षी त्यांचा पाद्रीही झाला. १८४३ साली परत इंग्लिश चर्चमध्ये आला. लिंकनमध्ये आईच्या स्मरणार्थ त्यानं गरीब वृद्धांसाठी घरं बांधली, ती चांगली बांधली. १८६५ साली पुन्हा कॅथलिक. १८७९ साली मरताना त्याची इच्छा काय, तर अंत्यविधीचे मंत्र इंग्लिश चर्चचे असावेत. एका भावाला तीस वर्षांत कूस बदलता आली नाही, दुसऱ्याला जन्मभर एका कुशीवर झोप लागली नाही. आईवडिलांनी दोघांत वाटणी करताना काहीतरी घोटाळा केला असला पाहिजे.

कर्नलसाहेब डिसेंबर १८५५ मध्ये लंडनच्या घरी वारले. पुढच्याच वर्षी लिंकननं त्यांचे चिरंजीव जर्व्हेज यांना त्याच जागेवर पाठवलं, आणि १८६१ साली मरेपर्यंत तेही खासदार राहिले. म्हणजे ज्या माणसाला सगळं पार्लमेंट हसलं, ‘पंच’नं ज्याची मिशी काढून काढून झिजवली, त्याला त्याच्या गावानं फक्त एकदा पाडलं आणि त्याच्या पाठोपाठ त्याच्या मुलाला निवडून दिलं.

याचा अर्थ लिंकनकर खुळे होते असा नाही, आणि कर्नलसाहेबही नव्हते. धान्यावरची जकात उठवायला १८४६ साली पील उभे राहिले, तेव्हा त्यांच्याच पक्षाच्या दोन-तृतीयांशांहून अधिक सभासदांनी विरोधात मत दिलं. ते सगळे गुळगुळीत दाढीचे, सभ्य, मोजून बोलणारे जमीनदार होते. मत मात्र त्यांचं आणि मिशीवाल्या साहेबांचं एकच होतं. फरक एवढाच की ते जेवणाच्या टेबलावर जे कुजबुजत, ते साहेब सभागृहात ओरडून सांगत. हसण्याचा धनी ओरडणारा झाला. कुजबुजणारे मंत्री झाले.

त्यांचं म्हणणं बहुतेक वेळा चुकीचं होतं, आणि ज्यू-कॅथलिकांच्या बाबतीत तर ते नुसतं हास्यास्पद नव्हतं, वाईट होतं. पण रेल्वेच्या शेअरसाठी, पदासाठी किंवा राजवाड्यातल्या मेजवानीसाठी त्यांनी मत बदलल्याचं उदाहरण सापडत नाही. याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. अर्धं श्रेय मात्र कॅनविकच्या शेतांना द्यावं लागेल. कुळं खंड भरत होती म्हणून साहेबांना तीस वर्षं जगाला ‘नाही’ म्हणणं परवडलं. त्या कुळांना एकदाही ‘नाही’ म्हणता येऊ नये, एवढ्याचसाठी साहेबांनी आयुष्यात एकदा ‘होय’ म्हटलं होतं.